फडावरची मुलगी आणि पुस्तकातली मुलगी

एखाद्या उपसंस्कृतीचा इतिहास लिहू लागले की त्यातील तरुण मुलींचे काय करायचे, हा प्रश्न लेखकांना नेहमीच अडचणीचा ठरलेला आहे. इंग्लंडमधील 'स्किनहेड' हे त्याचे चांगले उदाहरण. 1960च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या कामगार वस्त्यांतून डोके भादरलेल्या, जाड बूट आणि गॅलिस घातलेल्या पोरांच्या टोळ्या उदयास आल्या. त्यांचे आवडते संगीत जमैकातून आलेल्या काळ्या स्थलांतरितांचे होते, आणि तरीही पुढच्या दशकात त्यांतील अनेक जण वंशद्वेषी राजकारणाच्या आहारी गेले. या टोळ्यांत मुलीही होत्या. त्यांचे केस माथ्यावर आखूड कापलेले असत, आणि कपाळावर, कानांपाशी व मानेवर लांब बटा सोडलेल्या असत. परंतु त्या मुलींविषयी वाचकांना जे पहिले पुस्तक हाती लागले ते होते रिचर्ड ॲलन या टोपणनावाने लिहिलेले 'स्किनहेड गर्ल्स' (1972). टोपणनावामागचा माणूस जेम्स मॉफट हा पन्नाशीला टेकलेला, कॅनडात जन्मलेला, मागणीनुसार झरझर कादंबऱ्या पाडणारा व्यावसायिक लेखक होता. सनसनाटी हाच त्या कादंबऱ्यांचा माल होता. 1976 साली अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या दोन अभ्यासक महिलांनी साधा प्रश्न विचारला : तरुणांच्या उपसंस्कृतींवर एवढे लिहिले जाते, त्यात मुली कुठे आहेत? त्या खरोखरच नसतात, की पाहणाऱ्याला दिसत नाहीत?

हा प्रश्न आपल्याकडे आणून विचारण्याजोगा आहे. स्किनहेड आपल्याकडे झाले नाहीत. परंतु प्रतिष्ठित समाजाने ज्यांच्याकडे एकाच वेळी लालसेने आणि तुच्छतेने पाहिले, ज्यांचा स्वतःचा पेहराव, स्वतःची बोली आणि स्वतःचे कायदे होते, असे तरुण मुलींचे एक जग महाराष्ट्रात निश्चितच होते आणि आहे. ते म्हणजे तमाशाचे व लावणीचे जग. बारामती आणि इंदापूर हे तालुके या जगाच्या ऐन मध्यावर येतात. बारामतीहून मोरगाव-सुपे मार्गे पुणे-सोलापूर रस्त्याला लागले की दौंड तालुक्यातले चौफुला येते, जिथली कलाकेंद्रे प्रसिद्ध आहेत. इंदापूरहून त्याच रस्त्याने सोलापूरकडे निघाले की मोडनिंब लागते. नीरा नदी ओलांडली की लावणी स्पर्धांमुळे नाव झालेले अकलूज. नीरेच्या कालव्याने या टापूत बागायत आणली, बागायतीने ऊस आणला, वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या पैशाने जी नवी ऐपत आली तिचा काही वाटा जत्रेतल्या तंबूकडे आणि थिएटरातल्या बैठकीकडे वळला, यात नवल नाही.

बारामतीचे या इतिहासाशी असलेले नाते मात्र उसाहून जुने आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर रामजोशी हा मूळचा सोलापूरचा, ब्राह्मण कुळातला, तमाशाच्या नादी लागल्यामुळे घराबाहेर पडलेला. परंपरा असे सांगते की बारामतीत त्याची मोरोपंतांशी भेट झाली, पंतांनी त्याचे कवित्व ओळखले आणि रामजोशी डफ सोडून कीर्तनाकडे वळला. पंतांच्या आर्या कीर्तनातून गाजवण्याचे श्रेयही त्याला दिले जाते. ही कथा मराठी वाचकाला फार प्रिय आहे, कारण तीत तमाशाचा उद्धार होतो. परंतु उद्धार होतो तो शाहिराचा. त्याच्याबरोबर गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईला बारामतीत कोणी भेटले नाही. 1947 सालच्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटात ती बया म्हणून येते, आणि ती भूमिका हंसा वाडकर यांनी केली. या नावाकडे पुढे परत यावे लागेल.

पेशवाईतल्या तमाशात स्त्रीवेष बहुधा मुलगेच घेत, त्यांना नाच्या म्हणत. तमाशाच्या बोर्डावर उघडपणे उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ज्या पवळाबाईंचे नाव घेतले जाते त्या संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या, महार समाजातल्या. त्यांचे नाव पठ्ठे बापूरावांशी जोडलेले आहे, आणि बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. रामजोशींची कथा येथे उलट्या दिशेने घडते. बापूराव जात सोडून तमाशात येतात, आणि त्यांच्या त्यागाची गाथा तयार होते. पवळाबाईंनी काय सोडले किंवा काय मिळवले याची नोंद त्या गाथेच्या कडेकडेने सापडते. शैलजा पाईक यांनी 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही बाजू उलटी करून पाहिली आहे. अश्लील, अस्सल आणि माणुसकी या तीन शब्दांच्या आधारे त्यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास मांडला आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की अश्लीलतेचा शिक्का कलेवर बसत नाही, तो विशिष्ट जातीच्या स्त्रीच्या शरीरावर बसतो, आणि मग तीच कला वरच्या जातीच्या हाती गेली की 'अस्सल मराठी' ठरते.

पुस्तकातल्या मुलीकडे वळण्यापूर्वी प्रत्यक्षातली मुलगी कशी जगते हे पाहिले पाहिजे. तमाशाचे दोन प्रमुख प्रकार. ढोलकी फड हा गावोगाव फिरणारा, गण, गवळण, बतावणी, वग अशा क्रमाने रात्र रंगवणारा मोठा संच. दसऱ्याला बाहेर पडून तो वैशाखापर्यंत फिरतो, आणि जत्रांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात. संगीत बारी मात्र थिएटरात मुक्काम करणारी. तेथे नाचणाऱ्या मुली, गाणारी, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला यांची एक पार्टी असते आणि प्रत्येक पार्टीला आपली बारी मिळते. संगीत बारीत कोल्हाटी समाजाच्या मुली मोठ्या संख्येने आहेत. या समाजाचा जुना दंडक असा होता की मुलीने एकतर लग्न करावे किंवा नाचावे. नाचणारीने लग्न करायचे नाही. पहिल्या पुरुषाशी संबंध ठरताना 'चिरा उतरणे' हा विधी होई, तो पुरुष तिचा 'मालक', आणि तिच्या मिळकतीवर आईबाप, भाऊ, भावजया असे सारे घर चाले. फडातही आणि बारीतही 'उचल' असते, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम कामातून फेडायची. ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांनाही मुकादम उचलच देतो. एकाच शिवारात हंगामाचे दोन व्यवसाय एकाच शब्दाने बांधलेले आहेत, ही गोष्ट लावणीवरच्या रसाळ लेखनात फारशी येत नाही.

आता पुस्तके. विद्वानांनी लावणीकडे पाहिले ते काव्य म्हणून. 1956 साली म. वा. धोंडांचे 'मऱ्हाटी लावणी' आणि य. न. केळकरांचे 'अंधारातील लावण्या' अशी दोन महत्त्वाची पुस्तके आली. दोन्ही मोलाची, परंतु त्यांचा विषय रचना आणि रचनाकार हा आहे. लावणीत 'मी' म्हणून बोलणारी स्त्री बहुतेक वेळा पुरुषाने लिहिलेली आहे, आणि ते शब्द ज्या मुलीच्या तोंडून लोकांनी ऐकले तिला त्या चर्चेत जागा नाही.

कादंबरीकारांनी तिला जागा दिली. अण्णा भाऊ साठे यांच्या 'वैजयंता'त तमाशातली स्त्री केंद्रस्थानी आहे. अण्णा भाऊ स्वतः मातंग समाजातले आणि तमाशाच्या परंपरेतूनच आलेले शाहीर. तिला मोहिनी किंवा पतिता म्हणून पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे 1972 सालचा 'पिंजरा'. हा चित्रपट असला तरी त्याचे मूळ पुस्तकात आहे. हाइनरिश मान या जर्मन लेखकाची 1905 सालची कादंबरी, तीवरून 1930 साली निघालेला 'द ब्लू एंजल', आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी घडवलेला मास्तर व चंद्रकला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या जर्मनीतली कॅबरे गायिका पश्चिम महाराष्ट्राच्या फडावर इतक्या सहजपणे उतरू शकली, यातच त्या प्रतिमेचा उलगडा होतो. ती कोणत्याही गावची असली तरी चालते, कारण ती फडावरून पाहिलेली नसून मास्तरच्या खुर्चीतून पाहिलेली आहे. कथा शिक्षकाच्या अधःपाताची आहे. मुलगी हे त्या अधःपाताचे निमित्त. योगायोगाने 'स्किनहेड गर्ल्स'चे सालही 1972च.

आनंद यादवांची 'नटरंग' (1978) अधिक प्रामाणिक आहे. तिचा नायक नाच्या होतो, स्त्रीवेषाची किंमत पुरुष म्हणून स्वतःच्या शरीरावर मोजतो. परंतु येथेही यातना पुरुषाची आहे. नाचणारी मुलगी रोज जी किंमत मोजते ती कादंबरीचा विषय व्हायला पुरुषाला तिचे लुगडे नेसावे लागले.

आतून आलेला पहिला मोठा आवाज अनपेक्षित ठिकाणाहून आला. 1959 साली 'सांगत्ये ऐका' या चित्रपटात तमाशातली नायिका साकारणाऱ्या हंसा वाडकर यांनी आपले आत्मकथन सांगितले, अरुण साधूंनी ते शब्दांकित केले, ते 'माणूस'मधून आले आणि 1970 साली त्याच नावाने पुस्तक झाले. त्या फडावरच्या नव्हत्या. पण कलावंतिणीच्या घराण्याची पार्श्वभूमी, कोवळ्या वयात कमावण्यासाठी कामाला लावले जाणे आणि कमाईवर इतरांचा ताबा असणे हे सारे त्या कथनात आहे. वाचकाला धक्का बसतो तो तिच्या सुरामुळे. ती क्षमा मागत नाही आणि दयाही मागत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : ती बोलली तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात होती.

दुसरा आवाज मुलाचा. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली ग्रंथालीने काढले. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचा हा मुलगा, पुढे डॉक्टर झाला, 2007 साली ओडिशात अपघातात गेला. बापाच्या नावाच्या जागी त्याने आईचे नाव लावले, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते नाव छापले गेले, ही मराठी साहित्यातली लहान घटना नव्हे. नाचणाऱ्या मावश्यांच्या पैशावर घर चालते, आणि घरातले पुरुष त्या पैशाचा हिशेब ठेवतात, हे त्याने स्वच्छ लिहिले. मालकाच्या भरवशावर नाच सोडून गेलेली आईही त्यात आहे. परंतु ती मुलाच्या नजरेतून आहे. तो तिची वाट पाहतो, तिच्यावर रागावतो, तिला समजून घेतो. पहिल्यांदा चाळ बांधताना शांताबाईंना काय वाटले, हे त्यालाही अनुमानानेच लिहावे लागले.

येथे कुणी म्हणेल की दोष लेखकांचा नाही, ज्यांना लिहायची सवड आणि शाळा मिळाली त्यांनी लिहिले. हे खरे आहे. पण या प्रतिमांचे परिणाम पुस्तकांपुरते राहत नाहीत. स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात, तमाशावर बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत सुधारणेच्या अटी घालून तो पुन्हा सुरू झाला. 2005 साली डान्सबारवर बंदी आली, ती 2013 साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. दोन्ही वेळा वादात एका बाजूला बिघडवणारी बाई होती आणि दुसऱ्या बाजूला वाचवायची अबला. मजुरी, उचल, मुक्काम, मुलांची शाळा यांविषयी बोलणारी कामकरी स्त्री त्या चर्चेच्या कडेला राहिली. तिची प्रतिमा आपल्या पुस्तकांनी पुरेशी घडवलेलीच नव्हती. शर्मिला रेगे यांनी 1995 साली लावणी कलावंतांवरील लेखात हेच दाखवले की या स्त्रियांच्या लैंगिकतेचा वापर आणि तिचा निषेध या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

अलीकडे चित्र थोडे बदलले आहे. संदेश भंडारे यांच्या 'तमाशा : एक रांगडी गंमत' (2006) या छायाचित्रांच्या पुस्तकात राहुटीत कपडे वाळत घालणाऱ्या, मुलांना जेवू घालणाऱ्या बायका रंगमंचावरच्या बायकांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' (2014) या पुस्तकात बाहेरचा माणूस वारंवार जाऊन, ओळख वाढवून ऐकत राहतो, आणि ऐकलेले फार सजवत नाही. या स्त्रियांना आपल्या अदाकारीचा रास्त अभिमान आहे आणि त्याच वेळी आपल्या मुलींनी शिकावे अशी इच्छाही आहे. या दोन गोष्टींत विसंगती शोधणारा वाचक त्यांना अजूनही मास्तरच्या खुर्चीतूनच पाहतो आहे.

मॅकरॉबी आणि गार्बर यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असे देता येईल की मुली अदृश्य कधीच नव्हत्या. हजारो डोळे त्यांच्यावर होते, आणि पुस्तकेही होती. उणीव आहे ती त्यांनी स्वतः, त्या वयात, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुराची. चौफुल्याच्या एखाद्या केंद्रात आज अठरा-वीस वर्षांची मुलगी हातातल्या मोबाइलवर आपल्या आईला काही लिहीत असेल, आणि तिला शाळाही बहुधा आईपेक्षा अधिक मिळालेली असेल. रामजोशीला बारामतीत ओळखणारा कवी भेटला म्हणून त्याचे नाव राहिले. या मुलीचे लेखन आले तर ते छापणारा संपादक आणि वाचणारा वाचक तिला भेटावा, आणि त्याने तिचे शब्द 'शुद्ध' करायला घेऊ नयेत, एवढीच अपेक्षा.