तेवीस गोष्टी : साधने गेली, शिकणे उरले

नवे उपकरण शाळेत आले की त्यामागोमाग प्रशिक्षण येते. एक दिवसाचे, फार तर दोन दिवसांचे. समोर तज्ज्ञ बोलत असतो, पडद्यावर बाण सरकत असतो आणि आपण वहीत पायऱ्या उतरवून घेत असतो : आधी हे दाबा, मग ते उघडा. काही महिन्यांनी शाळेत तेच करायला बसावे, तर पडद्यावरची चित्रे वहीतल्या वर्णनाशी जुळत नाहीत. मधल्या काळात कंपनीने सगळी मांडणी बदललेली असते. वहीतल्या पायऱ्या चुकीच्या नसतात, पण त्या जुन्या झालेल्या असतात.

ही अडचण केवळ शिक्षकांची नाही. ज्यांच्याकडे लोक प्रश्न घेऊन येतात, अशा सर्वांचीच ती आहे. २००६ साली अमेरिकेतील एका सार्वजनिक ग्रंथालयाने तिच्यावर एक साधा उपाय करून पाहिला. तो यशस्वी झाला, पुष्कळ देशांत पसरला आणि नंतर त्याच्यातील जवळजवळ सगळी साधने एकेक करून बदलली किंवा नाहीशी झाली. तरीही उपाय टिकला. असे का झाले, हे शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

वाचक लिहू लागला

१९९० च्या दशकात महाजाल ही मुख्यतः वाचण्याची जागा होती. संकेतस्थळ तयार करायचे तर थोडीफार तांत्रिक भाषा यावी लागे. त्यामुळे लिहिणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. ती हळूहळू पालटली. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि महाजालावर स्वतःची रोजनिशी लिहिणे कोणालाही शक्य झाले. २००४ मध्ये छायाचित्रे ठेवण्यासाठी ‘फ्लिकर’ आले, तर २००५ मध्ये चित्रफितींसाठी ‘यूट्यूब’. या बदलाला ‘वेब २.०’ असे नाव मिळाले. टिम ओरायली यांच्या संस्थेच्या २००४ मधील परिषदेमुळे आणि त्यांच्या २००५ मधील लेखामुळे ते सर्वतोमुखी झाले.

या सेवांपैकी बहुतेक फुकट होत्या. नाव नोंदवा आणि वापरा. साहजिकच लोकांनी त्या वापरायला सुरुवात केली आणि अडले की काही जण ग्रंथालयातील मेजापाशी जाऊन विचारू लागले. मेजामागे बसलेल्या माणसाला मात्र वर्गीकरण, सूची आणि संदर्भसेवा यांचे शिक्षण मिळालेले होते. या नव्या गोष्टी त्याच्या अभ्यासक्रमात नव्हत्याच.

एका यादीचा जन्म

फेब्रुवारी २००६ मध्ये कॅनडातील ग्रंथालयतज्ज्ञ स्टीफन एब्रम यांचा एक लेख ग्रंथपालांच्या व्यावसायिक मासिकात आला. या वर्षी आपण करून पाहाव्यात अशा ४३ गोष्टींची यादी त्यात होती. आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी लिहून ठेवण्याचे ‘फॉर्टीथ्री थिंग्ज’ नावाचे संकेतस्थळ तेव्हा लोकप्रिय होते, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहरात शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथील तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख हेलीन ब्लोअर्स यांनी हा लेख वाचला आणि आपल्या सहकाऱ्यांसाठी यादी आटोपशीर केली. ४३ च्या २३ गोष्टी झाल्या आणि त्यांना मुदत मिळाली ९ आठवड्यांची. ऑगस्ट २००६ मध्ये ‘लर्निंग २.०’ या नावाने उपक्रम सुरू झाला. लोकांच्या तोंडी मात्र ‘तेवीस गोष्टी’ हेच नाव राहिले.

यादीची रचना पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट म्हणजे उपक्रमाची माहिती वाचणे. दुसरी म्हणजे आजन्म शिकणाऱ्याच्या साडेसात सवयींचा छोटा पाठ पाहणे. शिकण्याची जबाबदारी स्वतः घेणे, अडचणीकडे आव्हान म्हणून पाहणे, दुसऱ्याला शिकवणे अशा त्या सात सवयी होत्या. उरलेली अर्धी सवय म्हणजे खेळणे! तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडायचा आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीविषयी त्यात लिहायचे. खरे नाव द्यायलाच हवे असे नव्हते, टोपणनाव चालत असे.

पुढे फ्लिकरवर छायाचित्रे पाहणे, अनेक संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची वर्दी एकाच जागी मिळवणे, ‘लायब्ररीथिंग’वर आपल्या पुस्तकांची सूची करणे, ‘डिलिशस’वर वाचनखुणा साठवणे, अनेकांनी मिळून लिहायच्या विकी पानावर भर घालणे अशा गोष्टी होत्या. अठराव्या क्रमांकावर महाजालावरच चालणारे लेखनसाधन होते. त्यासाठी ‘झोहो रायटर’ सुचवले होते. ही सेवा ज्या कंपनीची, तिचे मोठे काम तेव्हाही चेन्नईतून चाले. तेविसावी गोष्ट म्हणजे मागे वळून पाहणे आणि आपण काय शिकलो ते लिहिणे.

वर्ग नव्हते. शिक्षक नव्हते. अडले तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारायचे. सर्व २३ गोष्टी मुदतीत पूर्ण करणाऱ्याला एक एमपी-थ्री प्लेअर भेट मिळे आणि सोडतीत लॅपटॉप मिळण्याची संधीही असे. बक्षीसही विषयाला धरून होते, कारण ध्वनिफिती आणि बोलकी पुस्तके ऐकणे यादीतच होते.

करून पाहिल्याशिवाय न दिसणारे

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. करून शिकावे हे आपण बी.एड.च्या वर्गातच ऐकलेले असते. पण एक उदाहरण घेऊ.

डिलिशसवर वाचनखूण ठेवताना तिला आपल्या मनाने शब्द जोडता येत. ‘बाग’, ‘स्वयंपाक’, ‘इतिहास’, काहीही. ग्रंथपालाचा सारा व्यवसाय वर्गीकरणावर उभा आहे. मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धती १८७६ ची, आपल्या रंगनाथनांची द्विबिंदू पद्धती १९३३ ची. दोन्हींमध्ये कोणता विषय कोठे बसतो याचे नियम ठरलेले आहेत. इथे मात्र नियमच नाही. एकाने ‘बटाटा’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘बटाटे’, तर दोन्ही खुणा दोन वेगळ्या ढिगांत जाणार. पण ज्या विषयाला अजून कोणत्याच पद्धतीत जागा मिळालेली नाही, त्याला या ठिकाणी पहिल्याच दिवशी नाव मिळते. हा फायदा आणि हा तोटा व्याख्यानातून सांगता येईल. परंतु स्वतःच्या दहा वाचनखुणांना शब्द जोडून पाहणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

दुसरा मुद्दा नोंदींचा. प्रयोगशाळेत आम्ही फसलेला प्रयोगही वहीत लिहितो, कारण कोणत्या तापमानाला काय बिघडले हे पुढच्याला कळावे लागते. या उपक्रमातील ब्लॉगांचे काम तेच होते. ‘आज दोन वेळा प्रयत्न केला, जमले नाही’ हे उघडपणे लिहिता येत होते आणि शेजारच्या शाखेतील सहकारी त्याखाली उपाय लिहू शकत होता. टोपणनावाची मुभा इथे उपयोगी पडत असणार. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला ‘मला येत नाही’ हे लिहिणे किती जड जाते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

प्रसार आणि परीक्षा

ब्लोअर्स यांनी सर्व साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली खुले केले. मूळ कर्त्याचा उल्लेख करून ते कोणीही घ्यावे आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावे. त्यामुळे ही यादी जगभरातील शेकडो ग्रंथालयांत गेली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या यारा प्लेन्टी ग्रंथालयाने ती सर्वांत आधी उचलणाऱ्यांत स्थान मिळवले. नेदरलँड्समध्ये तिचे डच रूप झाले. २०१० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील ग्रंथपालांनी आपापल्या आवृत्त्या चालवल्या.

सर्वांनी सर्व गोष्टी पूर्ण केल्या असे कोठेच घडले नाही. मायकेल स्टीफन्स आणि वॉरन चीथम यांनी ऑस्ट्रेलियातील अशा उपक्रमांचा पद्धतशीर अभ्यास केला. सहभागी झालेल्यांचा नव्या तंत्रज्ञानाविषयीचा आत्मविश्वास वाढल्याचे त्यांना आढळले. ज्यांचे मध्येच राहून गेले, त्यांच्याकडून मुख्य तक्रार आली ती वेळ मिळत नसल्याची. ही तक्रार गंभीरपणे घ्यायला हवी. ‘स्वतः शिका’ असे सांगायचे आणि त्यासाठी कामाच्या वेळातला अर्धा तासही मोकळा ठेवायचा नाही, हे शिकवणे नव्हे, ते ओझे लादणे झाले.

फुकटाचे मोल

आता मूळ यादीतील साधनांचे पुढे काय झाले ते पाहू. नव्या मजकुराची वर्दी देणारी ‘ब्लॉगलाइन्स’ बंद करण्याचे तिच्या चालकांनी २०१० मध्ये जाहीर केले. ज्यांनी मग ‘गूगल रीडर’ची वाट धरली, त्यांची ती सेवाही १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. डिलिशसचे मालक अनेकदा बदलले. २००५ मध्ये याहूने घेतलेली ही सेवा २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या तिच्या छोट्या स्पर्धकाने अवघ्या ३५,००० डॉलरना विकत घेतली. फ्लिकरने एके काळी प्रत्येकाला १ टेराबाइट जागा फुकट दिली होती. २०१८ मध्ये नव्या मालकाने फुकट खात्यांना १,००० छायाचित्रांची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षापासून त्यावरची छायाचित्रे काढून टाकली जातील असे कळवले. लायब्ररीथिंगचा प्रवास मात्र उलटा झाला. २०० पुस्तकांपुढे पैसे घेणारी ही सेवा २०२० मध्ये सर्वांसाठी पूर्ण मोफत झाली.

फुकट सेवेचा खर्च कोणीतरी करतच असतो. सुरुवातीला गुंतवणूकदार करतात, कारण त्यांना वापरणाऱ्यांची संख्या हवी असते. नंतर जाहिरातदार करतात, कारण त्यांना वापरणाऱ्यांची माहिती हवी असते. दोघांनीही हात आखडता घेतला की सेवा बंद होते किंवा पैसे मागू लागते. २००६ च्या यादीत या विषयाला वेगळा क्रमांक नव्हता. तो काळच उत्साहाचा होता. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने स्वतःच्या ‘तेवीस गोष्टी’ तयार केल्या, तेव्हा आपण महाजालावर सोडत असलेला माग, खात्यांची सुरक्षितता आणि अपंगांसाठीची सुलभता या गोष्टी यादीत होत्या. आकडा तोच राहिला, पण काळाने शिकवलेले धडे त्यात उतरले.

आणि इथेच मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. २००६ मध्ये ज्याने ब्लॉगलाइन्सच्या पायऱ्या पाठ केल्या, त्याचे शिक्षण २०१० मध्ये संपले. ज्याने अनोळखी साधन उघडून त्याची कळ शोधायची, चुकायचे, लिहून ठेवायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे हा क्रम अंगी बाणवला, त्याला पुढचे साधन परके वाटण्याचे कारण राहिले नाही.

आपल्या शाळेसाठी

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना काही दिवसांत पडद्यावरून शिकवावे लागले. तेव्हा पायऱ्यांची वही किती अपुरी पडते हे सर्वांनी अनुभवले. पुन्हा तशी वेळ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका शाळेतील सहा-सात शिक्षकांनी मिळून ८ किंवा १० गोष्टींची यादी करावी. मराठी विकिपीडियावरील आपल्या गावाच्या लेखात एक दुरुस्ती करणे, आकाशाचा नकाशा दाखवणारी ‘स्टेलेरियम’ ही मुक्त आज्ञावली उघडून आज रात्री गुरू दिसेल का ते पाहणे, एका प्रश्नाचे कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहणे अशा गोष्टी तीत घेता येतील. आठवड्याला एकच गोष्ट, त्यासाठी वेळापत्रकात एक तासिका आणि प्रत्येकाची एक नोंदवही. प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावेत : याचा खर्च कोण करतो? माझ्याकडून हे काय घेते? उद्या बंद झाले तर माझे काम मला बाहेर काढता येईल का?

नोंदवही कागदाची असली तरी चालेल. २००६ च्या मानाने तेवढी एक सुधारणा करायला हरकत नाही. आपण असा प्रयोग केलात, तर काय जमले आणि विशेषतः काय जमले नाही, ते आम्हाला जरूर कळवावे.