सबवूफरची पेटी (जुळणी-संच)

सबवूफरची पेटी म्हणजे अतिमंद्र ध्वनी, साधारणपणे २० ते १२० हर्ट्झ वारंवारतेचा, निर्माण करणाऱ्या ध्वनिवर्धकाभोवती बांधलेली हवाबंद किंवा नळीयुक्त लाकडी पेटी होय. घरगुती वापरासाठी ही पेटी तयार विकत मिळते, सुताराकडून करवून घेता येते किंवा आधीच कापलेल्या फळ्यांच्या संचातून घरी जुळवता येते. या लेखात मुख्यतः तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. अशा संचात मध्यम घनतेच्या तंतुफलकाच्या (एमडीएफ) किंवा प्लायवूडच्या फळ्या संगणक-नियंत्रित यंत्रावर कापून, सांध्यांच्या खाचा पाडून आणि ध्वनिवर्धकाचे वर्तुळ कोरून दिलेल्या असतात. ग्राहकाने त्या सरसाने चिकटवायच्या, पेटी रंगवायची आणि आत ध्वनिवर्धक बसवायचा असतो.

पेटीची आवश्यकता

पेटी म्हणजे ध्वनिवर्धकाचे केवळ घर, अशी समजूत आढळते. वास्तविक ती ध्वनिनिर्मितीच्या यंत्रणेचाच निम्मा भाग आहे. ध्वनिवर्धकाचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्या ध्वनिवर्धकात ही दाबलेली व विरळ हवा कडेने एकमेकींत मिसळते आणि दोन्ही लहरी एकमेकींना नष्ट करतात. उच्च स्वरांच्या तरंगलांबी लहान असल्याने त्यांच्यावर याचा फारसा परिणाम होत नाही. परंतु ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ८.६ मीटर असते. तिच्या तुलनेत ३० सेंमी. व्यासाचा शंकू अगदीच लहान असल्यामुळे पेटीशिवाय तो ध्वनी जवळजवळ ऐकूच येत नाही. टेबलावर उघडा ठेवलेला मोठा ध्वनिवर्धक जोरजोराने हलताना दिसतो, पण आवाज मात्र किरकोळ येतो, याचे कारण हेच.

दुसरी अडचण शंकूच्या हालचालीची आहे. वारंवारता निम्मी झाली, तर ध्वनीची पातळी तेवढीच राखण्यासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून सबवूफरचा शंकू मोठा व त्याचा प्रवास लांब असतो. पेटीच्या भिंतींवर पडणारा ताणही त्यामुळे मोठा असतो. भिंती पातळ किंवा सांधे सैल असतील तर पेटीच थरथरू लागते आणि ऐकणाऱ्याला संगीताऐवजी लाकूड ऐकू येते.

इतिहास

बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी १९३० साली नळीयुक्त पेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९३२ साली ते मंजूर झाले. पेटीतील हवा आणि नळीतील हवा यांच्या अनुस्पंदनाचा उपयोग करून मंद्र स्वर वाढवण्याची ही कल्पना होती. तिचे मूळ तत्त्व हेल्महोल्ट्झ यांच्या एकोणिसाव्या शतकातील अनुस्पंदकात आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली असता येणारा घुमणारा आवाज हा त्याचाच प्रकार.

१९५४ साली अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह स्थापन केलेल्या अकूस्टिक रिसर्च या संस्थेने एआर-१ हा लहान, हवाबंद पेटीतील ध्वनिवर्धक आणला. त्यात शंकूला परत खेचण्याचे काम मुख्यतः पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगप्रमाणे करीत असे. मंद्र स्वरांसाठी कपाटाएवढी पेटी लागते ही समजूत त्यामुळे मोडली.

तरीही पेटीचे आकारमान ठरवणे बराच काळ अनुभव व अंदाज यांवर अवलंबून होते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ध्वनिवर्धकाच्या वर्तनाचे गणित मोजक्या राशींत मांडले. या थील-स्मॉल राशी आज ध्वनिवर्धकासोबतच्या पत्रकात छापलेल्या असतात. त्यांच्यामुळेच एका गावी बनलेल्या ध्वनिवर्धकासाठी दुसऱ्या गावी अचूक मापाच्या फळ्या कापणे शक्य झाले. जुळणी-संचाचा व्यवसाय याच गणितावर उभा आहे. चित्रपटगृहांत ‘अर्थक्वेक’ (१९७४) या चित्रपटासाठी वापरलेल्या सेन्सराउंड पद्धतीने आणि पुढे १९९२ मध्ये आलेल्या डॉल्बी डिजिटलच्या स्वतंत्र मंद्र वाहिनीने सबवूफर सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. अमेरिकेत ओहायो राज्यातील पार्ट्स एक्स्प्रेससारखे विक्रेते ध्वनिवर्धक व त्याला जुळणाऱ्या कापीव फळ्या एकत्र विकतात.

प्रकार

हवाबंद पेटी आकाराने लहान व जुळणीस सोपी असते, आणि मापातील लहानसहान चूक ती सहन करते. तिच्यातील मंद्र स्वर वारंवारता घटेल तसे हळूहळू क्षीण होत जातात. नळीयुक्त पेटी ठरावीक वारंवारतेच्या आसपास अधिक मोठा आवाज देते. मात्र त्या वारंवारतेच्या खाली शंकूला हवेचा आधार उरत नाही आणि तो मर्यादेबाहेर हलून खराब होऊ शकतो. शिवाय नळी वाटते त्यापेक्षा लांब निघते. ६० लिटरच्या पेटीत १० सेंमी. व्यासाची नळी २५ हर्ट्झला जुळवायची तर ती अर्ध्या मीटरहून लांब लागते आणि आत कोपर देऊन वळवावी लागते. प्रथमच पेटी करणाऱ्याने हवाबंद प्रकार निवडणे श्रेयस्कर. निष्क्रिय शंकूची, कर्ण्याची आणि दुहेरी कक्षाची पेटी असे इतरही प्रकार आहेत, पण त्यांचे संच क्वचितच आढळतात.

घनफळाचे गणित

हवाबंद पेटीसाठी तीन राशी पुरतात. एफएस ही शंकूची मुक्त अनुस्पंदन वारंवारता. व्हीएएस हे शंकूच्या टांगणीइतकीच लवचीकता असणाऱ्या हवेचे घनफळ. आणि क्यूटीएस ही शंकूचे आंदोलन किती लवकर शमते ते दर्शवणारी संख्या. व्हीएएसला पेटीच्या घनफळाने भागून त्यात १ मिळवावा व त्याचे वर्गमूळ काढावे. त्या वर्गमूळाने क्यूटीएसला गुणले की पेटीत बसवलेल्या ध्वनिवर्धकाचा क्यू मिळतो आणि एफएसला गुणले की पेटीतील नवी अनुस्पंदन वारंवारता मिळते. क्यूचे मूल्य ०.७०७ आले तर प्रतिसाद सर्वांत सपाट असतो. ते १ च्या पुढे गेले की आवाज घुमतो.

उदाहरणार्थ, एफएस २५ हर्ट्झ, व्हीएएस ६० लिटर आणि क्यूटीएस ०.४० असेल, तर ०.७०७ साठी सुमारे २८ लिटरची पेटी लागते व नवी अनुस्पंदन वारंवारता सुमारे ४४ हर्ट्झ येते.

येथे घनफळ म्हणजे आतील निव्वळ हवेचे घनफळ. बाहेरून ४० सेंमी. बाजू असलेली घनाकार पेटी ६४ लिटरची भासते. परंतु १८ मिमी. जाडीच्या फळ्या वजा जाता आतील बाजू ३६.४ सेंमी. राहते आणि घनफळ ४८.२ लिटर भरते. त्यातून ध्वनिवर्धकाच्या चुंबकाने व आतील आडव्या आधारांनी व्यापलेली जागा पुन्हा वजा करावी लागते. संच विकत घेताना जाहिरातीतील आकडा बाहेरचा, आतील एकूण, की निव्वळ, हे पाहणे आवश्यक असते. पेटी बसत नाही किंवा आवाज घुमतो या तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते.

संच आणि साहित्य

सामान्य संचात सहा बाजू, एक-दोन आधारपट्ट्या व काही वेळा दुहेरी जाडीची दर्शनी फळी असते. सरस, स्क्रू, तारा, आतील कापूस व रंग बहुधा स्वतंत्रपणे आणावे लागतात.

एमडीएफ सर्वत्र सारख्या घनतेचे, सपाट आणि स्वस्त असते. ते जडही असते. वर उल्लेखिलेल्या पेटीच्या नुसत्या फळ्याच सुमारे १२ किलोच्या होतात. त्याचा मुख्य दोष म्हणजे पाणी. कापलेली कड उघडी राहिल्यास ती दमट हवेत फुगते. कोकणात व मुंबईत पावसाळ्यापूर्वी सर्व कडांना, तळालासुद्धा, सीलर लावणे अगत्याचे आहे. चांगले बर्च प्लायवूड हलके व मजबूत असते. मात्र स्वस्त प्लायवूडच्या थरांत पोकळ्या असतात आणि त्या ठिकाणी पेटी बझझ असा आवाज करते.

अमेरिकी संचातील फळ्या पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिमी. जाडीच्या असतात, तर भारतातील प्रचलित फलक १८ मिमी. असतो. एखादी फळी खराब झाली म्हणून येथील फलकातून कापून घेतल्यास खाचेत एक मिलिमीटर फट राहते. ती सरसाने भरून निघत नाही. परदेशातून संच मागवण्यास वजनामुळे बराच खर्च येतो. त्याऐवजी केवळ ध्वनिवर्धक मागवून, आराखडा येथील फर्निचर-कारखान्यातील संगणक-नियंत्रित यंत्रावर कापून घेणे हा महाराष्ट्रातील हौशी मंडळींना उपलब्ध असलेला पर्याय आहे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रस्ता (डॉ. भडकमकर मार्ग) व पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली येथे मिळतात.

जुळणी

सरस लावण्यापूर्वी सर्व फळ्या कोरड्याच जुळवून पाहाव्यात. ही पायरी वगळण्याचा मोह होतो, परंतु सरस एकदा धरला की पेटी पुन्हा सुटी होत नाही. आधारपट्टी उलटी बसली आहे किंवा ध्वनिवर्धकाचे चुंबक तिच्यावर आपटते आहे, हे त्या वेळी कळून उपयोग नसतो.

पांढरा सरस खाचेत व फळीच्या कडेला, दोन्हीकडे लावावा. एमडीएफची कड सरस शोषून घेते, म्हणून तिला एक पातळ हात आधी देऊन काही मिनिटांनी दुसरा द्यावा. तळ, दोन बाजू, आधारपट्ट्या, पाठ, माथा व शेवटी दर्शनी फळी असा क्रम सोयीचा पडतो. क्लॅम्प आवळल्यावर सांध्याच्या संपूर्ण लांबीतून सरसाचे बारीक थेंब बाहेर आले पाहिजेत. जेथे ते येत नाहीत तेथे सांधा कोरडा आहे असे समजावे. सरस ओला असतानाच पेटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. आयताचे कर्ण समान असतात हा शालेय भूमितीतील सिद्धान्त येथे गुण्यापेक्षाही विश्वासू ठरतो. फरक आढळल्यास लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून तो दूर करावा. क्लॅम्प तासाभराने काढता येतात. पूर्ण बळकटीसाठी २४ तास थांबावे.

एमडीएफच्या कडेत आधी छिद्र न पाडता स्क्रू घुसवल्यास फळी उभी चिरते. ध्वनिवर्धक जड असल्याने त्याच्यासाठी मागून टी-नट बसवणे योग्य. बसवताना फोमची पट्टी मध्ये द्यावी व स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. हवाबंद पेटीत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरल्यास आतील हवेचे तापमान कमी बदलते आणि पेटी काहीशी मोठी असल्यासारखी वागते. सैद्धान्तिक मर्यादा ४० टक्के असली तरी प्रत्यक्षातील लाभ बराच कमी असतो.

गळतीची परीक्षा सोपी आहे. शंकू दोन्ही हातांनी अलगद आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे, झटकन आला तर कोठेतरी फट आहे. ३० हर्ट्झच्या आसपासचा स्वर लावून सांध्यांजवळ उदबत्ती फिरवली असता फटीच्या जागी धूर थरथरतो. मात्र ओला रंग किंवा विरघळक आसपास असताना हा प्रयोग करू नये.

वीजजोडणी आणि सुरक्षितता

अनेक सबवूफरमध्ये दोन वेटोळी असतात. ४ ओहमची दोन वेटोळी एकसर जोडल्यास ८ ओहम व समांतर जोडल्यास २ ओहम रोध होतो. ॲम्प्लिफायर २ ओहमसाठी बनवलेला नसेल तर समांतर जोडणीने तो जळू शकतो. एका वेटोळ्याची टोके उलटी लागली तर दोन्ही वेटोळी एकमेकांविरुद्ध ओढतात व आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

पेटीच्या पाठीत बसणारा ॲम्प्लिफायर अमेरिकेतून आणलेला असल्यास तो २३० व्होल्टवर चालतो काय, हे वीज लावण्यापूर्वी तपासावे. काहींत ११५/२३० असे बटण असते, काहींत नसते. अशा ॲम्प्लिफायरमधील संधारित्रे वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतात, त्यामुळे जाणकाराखेरीज कोणी ते उघडू नये.

लाकडाची धूळ व फॉर्माल्डिहाइड या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोगकारक ठरवले आहे. एमडीएफ घासताना ही दोन्ही संभवतात. नाकावर बांधलेला रुमाल या बारीक धुळीला पुरत नाही. कणरोधक मुखवटा वापरावा, काम गच्चीवर किंवा अंगणात करावे आणि मुलांना दूर ठेवावे. आधीच कापलेल्या संचाचा हा एक फारसा न सांगितला जाणारा फायदा आहे: सर्वाधिक धूळ कारखान्यातच राहते.

खोली आणि शेजार

तयार पेटीचा आवाज खोलीवर फार अवलंबून असतो. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर उभी राहते. भिंतीलगत तो स्वर गडगडतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ लुप्त होतो. योग्य जागा शोधण्याची प्रचलित युक्ती अशी, की सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवून गाणे लावावे व आपण भिंतीकडेने रांगत फिरावे; जेथे मंद्र स्वर सर्वांत समतोल वाटतात तेथे पेटी ठेवावी. मुख्य ध्वनिवर्धकांपासून स्वर विभागण्यासाठी ८० हर्ट्झ ही वारंवारता सामान्यतः वापरली जाते.

मंद्र ध्वनी भिंतीने फारसा अडत नाही आणि इमारतीच्या स्लॅबमधून शेजाऱ्याच्या घरी पोहोचतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री (१० ते ६) ४५ डेसिबल आहे. परंतु ही मोजणी मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित केलेली असते आणि तीत ३१.५ हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३९ डेसिबल वजा होतात. म्हणजे प्रत्यक्षात ८४ डेसिबलचा असा स्वर मापकावर जेमतेम ४५ दाखवतो, आणि खिडकीची तावदाने मात्र वाजत राहतात. पेटीखाली रबराचे किंवा फोमचे पाय दिल्यास जमिनीतून जाणारे कंपन काही अंशी घटते. हवेतून जाणाऱ्या ध्वनीवर त्याचा परिणाम होत नाही, त्यासाठी आवाज कमी करण्यावाचून घरगुती उपाय नाही.