पोळ्याची कर आणि पैठणच्या राण्या



श्रावण उतरायला लागला की टेंभुर्णीतल्या आमच्या दुकानात गोंडे येतात. मागोमाग कासरे, वेसणी, मोरक्या, घुंगरमाळा, बेगड आणि शिंगांचे रंग. शेतकऱ्यांचा पोळा जवळ आलेला असतो आणि आपलं पर्युषणही. चौथ पाळणाऱ्या घरांत पर्युषण श्रावण वद्य बारसेला बसतं आणि पोळ्याची अमावस्या त्यातल्या साधारण चौथ्या दिवशी येते. घरात उपवास, सामायिक, संध्याकाळचं प्रतिक्रमण आणि दुकानात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी! लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार विचित्र वाटायचं.

सासऱ्यांनी यावर तोडगा काढला होता. गावात ते आधीच सांगून ठेवत, "पोळ्याचा बाजार दशमीच्या आत करून घ्या." शेतकरी घ्यायचेही. बारसेपासून दुकानाचं एकच दार उघडं असायचं, तेही ज्याचा बैल अडला असेल त्याच्यासाठी. कुणाचा सण बुडाला नाही की आमचं व्रत मोडलं नाही. "मागे ढकलू नये बेटा, अलीकडे ओढावं," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांना कुठून सुचलं असेल, ते मला यंदा कळलं.

आधी माझी अडचण सांगते. माझं माहेर जालन्याचं, स्थानकवासी. तिथे संवत्सरी पंचमीची. सासर देरासरवासी, इथे चौथ. माझी ताई जालन्यातच, स्थानकवासी घरात दिलेली. सात वर्षांपूर्वी आई गेली आणि तिच्या बांगड्यांवरून आम्हा बहिणींचं वाजलं. नको ते बोलले मी. तीही बोलली. पुढच्या चौथीला मी फोन करून "मिच्छामि दुक्कडं" म्हटलं, तर ती म्हणाली, "आमची उद्या आहे." दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी पारण्याच्या गडबडीत होते, उचलला नाही. त्यानंतर दरवर्षी असंच. तिथीचा आडोसा दोघींनाही सोयीचा होता. गावभर खमतखामणा करून यायचो आणि सख्ख्या बहिणीपाशी गाडी अडायची.

यंदा व्याख्यानात ऐकलेल्या एका गोष्टीमागे लागून मी वाचत गेले. चौथ आणि पंचमीचा हा फरक सुरू झाला तो आपल्याच मुलखात, गोदावरीकाठी, पैठणला!

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. त्या काळी महाराष्ट्रात आपला धर्म होता, याची खूण आजही दगडावर आहे. लोणावळ्याच्या बाजूला पाले गावाजवळच्या लेण्यातला सुमारे २१०० वर्षांपूर्वीचा शिलालेख अरिहंतांना नमस्कार करूनच सुरू होतो. त्यामुळे पैठणच्या राजाला आपली परंपरा श्रावक म्हणते, याचं नवल वाटायला नको.

गोष्ट आहे कालकाचार्यांची. त्यांचं नाव घेतलं की आपल्याला त्यांची साध्वी बहीण सरस्वती आठवते. उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाने तिला पळवलं आणि तिला सोडवायला आचार्यांनी शकांना आणलं. कल्पसूत्राच्या जुन्या हस्तलिखितांत पुष्कळदा शेवटी ही कथा चित्रांसह जोडलेली असते. पैठणचा प्रसंग निशीथसूत्राच्या चूर्णीत येतो. चूर्णी म्हणजे आगमांवरचं जुनं प्राकृत विवरण. ही चूर्णी जिनदासगणी महत्तरांची, सातव्या शतकातली, म्हणजे १३०० वर्षांपूर्वीची.

चातुर्मासातच कालकाचार्यांना आपलं ठिकाण सोडावं लागलं आणि ते प्रतिष्ठानकडे निघाले. मी येईपर्यंत पर्युषण करू नका, असा निरोप त्यांनी तिथल्या संघाला पाठवला. सातवाहन राजाने त्यांना मोठ्या मानाने नगरात आणलं. संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीला करायची ठरली. तेव्हा राजा म्हणाला, "महाराज, त्या दिवशी माझ्या प्रजेचा इंद्रमहोत्सव असतो. लोकरीतीप्रमाणे मला त्यांच्यात जावं लागेल. मग साधूंची आणि चैत्यांची सेवा राहील. षष्ठीला केली तर?"

आचार्य म्हणाले, "पंचमीची रात्र ओलांडता येत नाही."

"मग चतुर्थीला?"

"चालेल."

आणि संवत्सरी चौथीला झाली.

आचार्यांचा हा होकार आणि नकार दोन्ही कल्पसूत्राला धरून आहेत. पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री गेल्यावर पर्युषण करावं, त्याआधी केलं तरी चालतं, पण ती रात्र उलटू देऊ नये, असं तिथे सांगितलं आहे. आषाढी पौर्णिमेपासून मोजा. श्रावण पौर्णिमेला महिना होतो आणि पुढे वीस दिवस धरले की भाद्रपद शुद्ध पंचमी येते. आपल्या घरांत पंचमीही आहे आणि चौथही, आणि दिगंबर बहिणींची दशलक्षणंही पंचमीलाच सुरू होतात. कोण बरोबर यावर मी बोलणार नाही, ते आपापल्या गुरुमहाराजांना विचारावं. मला मोह पडला तो राजाच्या प्रश्नाचा. प्रजेचा सण मोडा, असं तो म्हणाला नाही, आणि आचार्यांनीही तसं म्हटलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढचा भाग तर आपल्या बायकांचाच आहे, आणि तो व्याख्यानात फारसा ऐकायला मिळत नाही. संवत्सरी चौथीला, म्हणून साधूंचा अठ्ठम, म्हणजे तेला, बीज, तीज आणि चौथ असा आला. मग तेल्याच्या आदल्या दिवसाचा आहार आला प्रतिपदेला. राजाने अंतःपुरात राण्यांना सांगितलं, तुम्ही अमावस्येला उपवास करा आणि प्रतिपदेला साधूंना उत्तम आहार वहोरवून मगच पारणं करा. राण्यांनी तसं केलं, त्यांचं पाहून सगळ्या लोकांनी केलं. तेव्हापासून 'मरहट्ठ' देशात 'समणपूय' नावाचा सण सुरू झाला, असं चूर्णी सांगते. समणपूय म्हणजे श्रमणपूजा. आणि मरहट्ठ म्हणजे आपला महाराष्ट्र!

मी पंचांग काढून बसले. सासूबाईंच्या मारवाडी पंचांगात ती भादव्याची अमावस होती, भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत श्रावणाची. बघते तर तोच आपला पोळा! आणि राण्यांनी साधूंना वहोरवलं तो दिवस म्हणजे पोळ्याची कर. आज त्या दिवशी महावीर जन्मवाचन असतं, स्वप्नं उतरतात, देरासरात श्रीफळ फुटतं. समणपूय हे नाव मात्र दिनदर्शिकेत राहिलेलं नाही. इंद्रमहोत्सवही पैठणला राहिला नाही. पंचमीला आता शेजारच्या काकू ऋषिपंचमी करतात आणि बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. चौथीला गणपती बसतो. ज्याच्यासाठी आपण जागा करून दिली तो सण गेला, पण करून दिलेली जागा उरली आहे.

हे वाचलं तेव्हा सासऱ्यांचं वाक्य आठवलं आणि ताईही आठवली. सात वर्षं मी काय करत होते? क्षमा 'उद्या'वर ढकलत होते. शास्त्रात पलीकडे जायला मनाई आहे, अलीकडे यायला नाही, आणि मी नेमकी उलटी चालले होते.

पोळ्याच्या अमावस्येला मी उपवास केला. संध्याकाळी वेशीतून बैल परत येत होते, अंगावर झुली, शिंगांना गोंडे. आमच्याच दुकानातले ते गोंडे मी ओट्यावरून ओळखत होते. दुसऱ्या दिवशी, करीला, नवकारसी आली तरी पारणं केलं नाही. जालन्याची एसटी धरली.

ताईने दार उघडलं. कपाळावर आठी आलीच. "आज कशी काय? संवत्सरीला अजून तीन दिवस आहेत तुझ्या. माझ्या चार."

मी म्हटलं, "कालचा उपवास आहे. उद्यापासून अठ्ठम धरतेय. पारणं आणि धारणा दोन्ही तुझ्या हातचं घ्यायला आले."

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली. मुगाचं पाणी आणलं, मग दुधातली राब, मग पोळी आणि मुगाची घट्ट डाळ. पर्युषणात हिरवं नाही म्हणून पापडाची भाजी केली, आई करायची तशी मेथीदाण्याची. मी जेवत असताना ती समोर पाटावर बसून होती. डब्यात मला आणखी पोळी वाढायला हात पुढे केला तेव्हा तिच्या मनगटात आईच्या बांगड्या दिसल्या. मला वाटत होतं तितकं काही आत हललं नाही.

"ताई, मिच्छामि दुक्कडं."

"तिथी व्हायची आहे अगं."

"अलीकडे चालतं," मी म्हटलं आणि तिला पैठणची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेतली तिने. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मिच्छामि दुक्कडं. चौथीलाही फोन कर. आणि पंचमीला मी केला की उचल."

मैत्रिणींनो, पुढच्या वर्षी पोळ्याची कर येईल तेव्हा पैठणच्या त्या राण्यांची आठवण काढा. महाराजसाहेब गावात असतील तर भावाने वहोरवा. आणि ज्या दारावर जायचं तुम्ही दरवर्षी टाळता, त्या दारी संवत्सरीच्या आधीच जाऊन या. तुमची तिथी चौथ असो की पंचमी.

माझ्या लिहिण्यात कुणाच्या परंपरेला, कुणाच्या मनाला कळत-नकळत धक्का लागला असेल तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं.