दहा गिनींचा शेरलॉक होम्स

शाळेत असताना गावच्या वाचनालयातून मी भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स वाचला. पुस्तकाची शिवण सुटलेली, आणि एका कथेचे शेवटचे पान तर कुणीतरी फाडून नेलेले. मग एका पावसाळ्यात मी आणि माझ्या आतेभावाने त्या कथेचा शेवट आपापल्या मनाने रचला. कोणाचा शेवट खरा यावरून दोन दिवस भांडलो. पुढे ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा असा सगळा होम्स इंग्रजीतून वाचला, तेव्हा कळले की दोघेही साफ चुकलो होतो! पण आम्ही केला तोच उद्योग जगभर शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, हेही कळले. होम्सच्या कथा दुसऱ्यांनी लिहिण्याचा इतिहास जवळजवळ होम्सइतकाच जुना आहे.

होम्स अवतरला १८८७ साली. १८९२ मध्येच रॉबर्ट बार या लेखकाने त्याची टिंगल करणारी कथा छापली. १८९३ च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉइलने कंटाळून आपल्या मानसपुत्राला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यापाशी संपवून टाकले. वाचकांनी मात्र त्याला मरू दिले नाही. १९०६ मध्ये फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँने आपल्या आर्सेन ल्युपँ या चोराच्या कथेत न विचारता होम्सला आणून बसवले. डॉइलने हरकत घेताच पुस्तकात नाव झाले ‘हर्लॉक शोल्मेस’. अक्षरांची अदलाबदल केली की काम झाले!

पण मला या सगळ्या इतिहासात आठवत राहतो तो आर्थर व्हिटेकर नावाचा एक इंग्रज आर्किटेक्ट. त्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल.

१९११ च्या सुमारास व्हिटेकरने होम्सची एक कथा लिहून थेट डॉइलकडे पाठवली आणि ती दोघांच्या नावावर छापावी असे सुचवले. डॉइलने सहलेखनाला नकार दिला. मात्र कल्पना पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून त्याने कथेचे १० गिनी दिले. कथा त्याच्या कागदपत्रांत पडून राहिली. १९३० मध्ये डॉइल वारला.

वारसा आता मुलांकडे होता. डेनिस आणि एड्रियन हे दोघे बापाच्या नावाचे अगदी कडक राखणदार. १९४४ मध्ये ‘एलरी क्वीन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन जोडीने इतरांनी लिहिलेल्या होम्सकथांचा एक जाडजूड संग्रह काढला. कुटुंबाने कायद्याचा बडगा दाखवला. होम्स आमचा, त्याला इतरांनी हात लावू नये, हा त्यांचा बाणा.

आणि याच काळात वडिलांच्या कागदपत्रांत त्यांना एक अप्रकाशित होम्सकथा सापडली. केवढा आनंद! १९४८ मध्ये ती अमेरिकेच्या ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात आणि १९४९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या ‘संडे डिस्पॅच’मध्ये डॉइलच्या नावाने छापून आली. ती आपलीच कथा आहे हे म्हाताऱ्या व्हिटेकरने ओळखले. त्याने डेनिसला पत्र लिहिले. डेनिस रागावला आणि त्याने पुरावा मागितला. व्हिटेकरकडे कथेची कार्बन प्रत होती, आणि इतकी वर्षे जपून ठेवलेले खुद्द डॉइलचे पत्रही होते. कुटुंबाला कबूल करावे लागले. त्याच वर्षी व्हिटेकर वारला.

वाचकहो, यातली गंमत बघा. परक्या लेखकांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणाऱ्या मुलांना स्वतःच्या बापाचा हात ओळखता आला नाही. पुढे १९५४ मध्ये एड्रियनने जॉन डिक्सन कारच्या साथीने होम्सच्या १२ नव्या कथांचे पुस्तक काढले. दुसऱ्यांना जे करू दिले नव्हते, तेच.

याच्या नेमके उलट वागला ऑगस्ट डर्लेथ. १९२८ मध्ये या अमेरिकन विद्यार्थ्याने डॉइलला पत्र लिहून विचारले, तुम्ही आणखी कथा लिहिणार नसाल तर मी लिहू का? नकार आला. मग त्याने सोलर पॉन्स नावाचा स्वतःचा गुप्तहेर उभा केला. थाट सगळा होम्सचा, पण नाव वेगळे आणि जबाबदारी स्वतःची.

आज परवानगीचा प्रश्न उरलेला नाही. इंग्लंडमध्ये डॉइलच्या लेखनावरचे हक्क २००० च्या अखेरीस संपले, अमेरिकेत शेवटच्या कथांवरचे १ जानेवारी २०२३ ला. नव्या होम्सकथांचा पूर आला आहे. माझ्या आवडीची मात्र त्याआधीची, १९९९ मधली: जामयांग नोर्बू या निर्वासित तिबेटी लेखकाची ‘द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स’. धबधब्यानंतर आपण दोन वर्षे तिबेटात होतो, असे होम्स मूळ कथेत एका वाक्यात सांगून जातो. नोर्बूने त्या एका वाक्यात आपला हरवलेला देश वसवला. इथे होम्स उसना आहे, पण दुःख लेखकाचे स्वतःचे आहे.

आपल्या दशावतारी काल्यात लिहिलेली संहिता नसते. संकासुर तोच, पण त्याच्या तोंडचे बोलणे नट त्या रात्री उभ्या उभ्या रचतो. संकासुर कोणाच्या मालकीचा, असे कोणी विचारत नाही. मात्र कोणता नट चांगला बोलला हे जत्रेहून परतताना सगळ्यांना ठाऊक असते. पात्र सगळ्यांचे, मेहनत ज्याची त्याची.

व्हिटेकरला तरी दुसरे काय हवे होते? डॉइलच्या नावाशेजारी आपले नाव. १९८५ मध्ये ती कथा पेंग्विनच्या एका संग्रहात आली, एकट्या त्याच्या नावाने. ते बघायला तो उरला नव्हता.