बांधावरचा इतिहास आणि डोंग्यातला

पूर्व विदर्भातील तलावांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा बांधावरच उभे राहतो. नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. पाळ, पाट आणि धानशेती यांची हकिगत त्यामुळे टिकली. त्याच पाण्यात डोंग्यातून जाळे टाकणारा ढीवर मात्र तीत क्वचितच दिसतो.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. पुढे मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांना मिळू लागले. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. कागदोपत्री किलो आणि रुपये उतरले. कोणता स्थानिक मासा कोणत्या ऋतूत कोणत्या पाणवनस्पतीच्या आश्रयाला येतो, हे ढीवरांच्या बोलीतच राहिले. मासा नाहीसा झाला की त्याचे नावही पुढच्या पिढीला लागत नाही.

येथे वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्ली यांनी स्थानिकांकडून असे कितीतरी शब्द मराठीत आणले. आपण ते निसर्गलेखन म्हणून वाचतो. ते इतिहासाचे साधन म्हणूनही वाचायला हवे. मग तलाव कोणी बांधला, यासोबतच तो कोणी जाणला, हेही विचारावे लागेल.