आंदोलित

जालना एमआयडीसीत रात्रीही खोली गप्प नसते. रोलिंग मिलची धडधड वाऱ्यासरशी कमी-जास्त होते, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मात्र अखंड. वीज ५० हर्ट्‌झची. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ती गुणगुण १०० हर्ट्‌झची. एका रात्री लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरचा, म्हणजे सिंथचा, ऑसिलेटर मी १०१ वर लावला. साधी साइन लाट. दोन्ही नाद एकमेकांत मिसळले आणि खोलीभर, सेकंदाला साधारण एक, असा हेलकावा सुरू झाला.

असा हेलकावा म्हणजे आंदोलन. आज हा शब्द ऐकला की रास्ता रोको आठवतो. पण त्यातला दोल म्हणजे झोका. डोलणं, हिंदोळा ही त्याच घरची मंडळी. संगीतात हा शब्द मोजमापासकट भेटतो तो जालन्याच्याच रेल्वेमार्गावरच्या देवगिरीत. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि स्वराच्या कंपाचे, म्हणजे गमकाचे, पंधरा प्रकार सांगताना त्यांतल्या काहींचा चक्क वेग दिला. आंदोलिताचा कंप एका लघूचा. लीनाचा एका द्रुताचा, म्हणजे अर्ध्या लघूचा. कंपित त्याच्याही निम्मा. तिरिप द्रुताचा चौथा हिस्सा, लहानग्या डमरूच्या थरथरीसारखा. प्लावित सर्वांत संथ, तीन लघूंचा.

लघू म्हणजे क, च, ट, त, प ही पाच अक्षरं उच्चारण्याइतका वेळ. सावकाश म्हटली तर सेकंदभर. मग आंदोलित एक हर्ट्‌झच्या आसपास येतं आणि तिरिप आठच्या. सिंथमध्ये एलएफओ नावाचा संथ ऑसिलेटर दुसऱ्या ऑसिलेटरचा सूर हलवतो. तो तालाला बांधला की वेगाच्या यादीत एक, अर्धा, पाव, अष्टमांश असेच भाग दिसतात. ती यादी पाहिली तेव्हा मला त्या हिशेबनिसाची फार जवळून ओळख पटली.

सेकंदाला आठ कंपांच्या पुढे काय? १९६७ मध्ये स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग संगणकावर स्वराचा कंप वाढवत गेले. वेगही वाढवला, खोलीही. सेकंदाला वीसेक हेलकाव्यांच्या पलीकडे कानाला थरथर ऐकू येईना. नादाचा रंगच पालटला. हेच एफएम सिंथेसिस. यामाहाने ते परवान्यावर घेतलं आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथ बाजारात आणला. त्याची हुबेहूब नक्कल करणारं डेक्स्ड हे सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं.

मला मात्र संथ टोकच अधिक ओढतं. दरबारी रागाचा कोमल गंधार सिंथवर आणायचा तर साइन लाटेचा एलएफओ कामाचा नाही. तो दोन्ही बाजूंना सारखाच झुलतो, यंत्रासारखा. म्हणून त्याचा आकार माऊसने हाताने काढतो: गंधार रिषभाकडे कलतो, खाली थोडा रेंगाळतो, मग वर येतो. वेग प्लाविताच्या जवळ, तीन सेकंदांना एक. कंपाची खोली अर्ध्या स्वराहून कमी ठेवतो, आणि खिडकी बंद करून पुन्हा ऐकतो.