कौल, मिरास आणि सणसवाडी

पुणे-नगर रस्त्यावरच्या कारखान्यांचे पत्ते वाचताना एक फरक दिसतो. रांजणगावच्या एमआयडीसीतला कारखाना पत्त्यात प्लॉट क्रमांक लिहितो, सणसवाडीतला गट नंबर. रांजणगावात सरकारने जमीन संपादन केली, रस्ते आणि पाणी आणले आणि मग भूखंड वाटले. सणसवाडीत कारखाने शेतकऱ्यांकडून गटागटाने जमीन विकत घेऊन उभे राहिले. हे गट 1947च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली शेतीसाठी पाडलेले होते. 1994मध्ये कुळकायदा आणि महसूल संहिता बदलली. प्रादेशिक योजनेतल्या औद्योगिक विभागातली शेतजमीन कारखान्यासाठी, 10 हेक्टरांच्या मर्यादेत, बिगरशेतकऱ्यालाही पूर्वपरवानगीशिवाय घेता येऊ लागली. 2000च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो आणि जॉन डिअर यांचा ट्रॅक्टरचा कारखाना इथे चालू झाला, आणि ज्या मातीत नांगर चालायचा तिथेच ट्रॅक्टर बनू लागले. कारखान्यासाठी कायद्याने वाट मोकळी केली. त्या कारखान्यात कामाला येणाऱ्या माणसाने कुठे आणि कोणत्या हक्काने राहायचे, याचा विचार मात्र कोणत्याही कलमात नव्हता. माझे म्हणणे असे की, या मुलखात नव्या गावी राहायला जाताना खरा सवाल घर केवढे आणि भाडे किती हा कधीच नव्हता. गाव आपल्याला काय म्हणून ठेवून घेणार, हा होता. जुन्या राजवटींना हे कळत होते. आपण ते विसरलो.

दुष्काळ आणि लढाया यांनी दख्खनमधली गावे वरचेवर ओस पडत. 1630च्या आसपास पुणे कसबाच उद्ध्वस्त झाला होता. जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवांनी तो पुन्हा वसवला, तो रयतेला कौल देऊन. कौल म्हणजे सरकारचे लेखी अभय आणि अटी. पडीक जमीन करायला घेतली तर पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक वाढत पूर्ण दराला पोचणार. यालाच इस्तावा म्हणत. पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या त्याही अशाच. पेठ वसवणाऱ्या शेटे-महाजनांना हक्क मिळत, नव्याने येणाऱ्या व्यापारी-कारागिरांना काही वर्षे करमाफी मिळे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ आणून शहरात हौद बांधले. वस्ती वाढवायची तर पाण्याची सोय राज्यकर्त्याने करायची, एवढे तेव्हाच्या कारभाराला समजत होते. बिऱ्हाड हलवणाऱ्याला निघण्याआधीच ठाऊक असे की किती वर्षे सूट आहे, त्यानंतर काय द्यायचे आहे आणि कुणाकडे दाद मागायची.

गावात त्याचे स्थान मात्र लगेच पक्के होत नसे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची होती. गाव सोडून गेला तरी तो परत येऊन तिच्यावर हक्क सांगू शके. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, मुदतीच्या बोलीवर जमीन करणारा. एल्फिन्स्टनने 1819च्या अहवालात हा भेद नोंदवला आहे. विशेष म्हणजे उपऱ्याचा सारा बहुधा मिरासदारापेक्षा हलका असे, कारण तो उठून जाऊ शकत होता आणि सरकारला तो टिकवायचा होता. 1836पासून इंदापुरातून सुरू झालेल्या ब्रिटिश जमाबंदीने हा भेद हळूहळू पुसला. सारा भरेल तो खातेदार, आणि खाते विकता येणारे. हे वरवर समतेचे वाटते. पण विकता येणारी जमीन गहाणही पडते. 1874च्या अखेरीस सणसवाडीच्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला आणि पुढच्या मे महिन्यात सुप्यापासून दंगे पेटले ते याच गहाणखतांवरून. स्थानाचा हक्क जाऊन बाजारभाव आला की माणूस आपल्याच गावात उपरा होतो, हा धडा शिरूरने फार लवकर गिरवला.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास 1917मध्ये प्रसिद्ध केला. तिथली सरासरी धारणा 1771मधल्या 40 एकरांवरून 1914-15मध्ये 7 एकरांवर आली होती. दुसऱ्या अभ्यासासाठी, तो 1921चा, मान आणि कानिटकर यांनी कोरडवाहू गाव म्हणून जातेगाव बुद्रुक निवडले. ते शिक्रापूरच्या पलीकडे, म्हणजे सणसवाडीच्या जवळपासच. तिथल्याही बहुतेक कुटुंबांचे नुसत्या शेतीवर भागत नव्हते. शंभर वर्षांपूर्वी हा पट्टा माणसे बाहेर पाठवणारा होता. आज तो विदर्भ-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून येणाऱ्यांना ठेवून घेतो. ज्यांचे आजे पोटासाठी परगावी उपरे म्हणून राहिले, त्यांचे नातू आता खोल्या काढून भाडे घेतात. यात मला टीका करण्यासारखे काही दिसत नाही. फक्त मालक आणि भाडेकरू यांचा इतिहास एकच आहे, एवढे लक्षात असावे.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो असा की जुन्या व्यवस्थेचे हे कौतुक कशाला? कौल द्यायचा तो तिजोरी भरण्यासाठी, आणि गावात कुणी कुठे राहायचे हे जात ठरवत होती. आक्षेप खरा आहे. पुण्याचे हौद सर्वांना खुले नव्हते, म्हणून तर 1868मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. शिरूरच्या ब्रिटिश छावणीतून 31 डिसेंबर 1817च्या रात्री निघून कोरेगाव भीमाला लढलेल्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला छावणी ही नोकरीच्या बळावर स्थान देणारी जागा होती. गाव ते देत नव्हते. तेव्हा गावगाडा परत आणा असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. माझा मुद्दा पुष्कळ लहान आहे. स्वार्थासाठी का होईना, ज्या सरकारला माणसे हवी होती ते अटी लेखी देत होते. आज कारखान्यांना माणसे हवी आहेत आणि अटी तोंडी आहेत.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. राज्यघटनेच्या 19व्या अनुच्छेदाने भारतात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. मग कौल कशाला हवा? मतदारयादीत नाव नोंदवता येते, रेशन आता कुठल्याही राज्यात मिळू शकते. हे सगळे मान्य. पण घटनेने दिलेला हक्क नळापर्यंत पोचायला ग्रामपंचायत लागते, आणि ग्रामपंचायतीच्या पाणीयोजना नोंदलेल्या लोकसंख्येवर बेतलेल्या असतात. भाडेकरार लेखी नसेल तर राहत्या पत्त्याचा पुरावा जमवताना दमछाक होते. नाव यादीत नसेल तर ग्रामसभेत बोलता येत नाही. 2015मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि हा पट्टा त्याच्या हद्दीत आला; पण तोवर शेतात इमारती आणि गुंठेवारी कितीतरी पुढे गेली होती.

आणि ही माणसे मुळात कायमची राहायला येतच नाहीत, असेही म्हटले जाते. उपऱ्याबद्दलही असेच म्हणत. तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहिलेले उपरी होतेच. मुक्काम लांबणार की नाही हे येतानाच्या इच्छेपेक्षा इथे काय मिळते त्यावर जास्त ठरते. 2020च्या टाळेबंदीत देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांतून लोक गावी परतले. पगार थांबल्यावर खोलीभाड्यापलीकडे त्या जागेशी बांधणारे त्यांच्याजवळ काहीच नव्हते. ज्याचे घर नावावर होते, ज्याची मुले गावच्या शाळेत होती, त्याचा हिशेब वेगळा होता.

म्हणून सणसवाडीत किंवा कोरेगाव-शिक्रापूरकडे बिऱ्हाड हलवण्याचा विचार करणाऱ्याने कंपनी किती मिनिटांवर आहे हे शेवटी पाहावे. शिक्रापूरच्या चाकण चौकातली कोंडी ते गणित तसेही रोज बिघडवते. आधी मे महिन्यात पाणी कुठून येते ते शेजाऱ्याला विचारावे, टँकरचे पैसे कोण देतो तेही. भाडेकरार नोंदवून घ्यावा. घर विकत घ्यायचे तर बिनशेती आदेश पाहावा, आणि एक-दोन गुंठ्यांसाठी सामाईक सातबाऱ्यावर नाव लागेल या भरवशावर पैसे देऊ नयेत. मतदारयादीत नाव पहिल्याच वर्षी घालावे. आणि ग्रामपंचायतींनी भाडेकरूंची वेगळी नोंदवही ठेवून पाणीयोजना त्या आकड्यावर मागाव्यात. कंपन्यांकडून मिळणाऱ्या कराचा काही भाग त्यांच्याच कामगारांच्या नळासाठी खर्चला तर त्यात उपकार कुणावरच होत नाहीत.